स्टेमचा तुटलेला बोल्ट: पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीची नोंद

रविवारी सकाळी पावसाळ्यापूर्वीची देखभाल करत असताना माझ्या सायकलच्या स्टेमच्या (हँडलबारला पुढच्या चाकाच्या फोर्कशी जोडणाऱ्या भागाच्या) पुढच्या प्लेटचा एक बोल्ट आवळताना तुटला. चारांपैकी तो तिसरा होता. तुटण्यापूर्वी सुमारे पाव वेढा अ‍ॅलन की अगदी हलकी फिरली आणि बोल्ट अजून बसायचा आहे असे समजून मी आणखी जोर दिला. वास्तविक तो हलकेपणा म्हणजे बोल्ट कायमचा ताणला जात असल्याची खूण होती. आवळताना जोर वाढत जाण्याऐवजी कमी लागू लागला, तर तेथेच थांबून बोल्ट बाहेर काढावा, हे मी सर्वांत आधी लिहून ठेवतो. सिंहगडाच्या उतारावर ब्रेक दाबले की अंगाचा मोठा भार हँडलबारवर येतो आणि तो हँडलबार या चार बोल्टांनीच धरलेला असतो.

बोल्ट नेमका स्टेममध्ये शिरतो तेथे, पहिल्या गुंतलेल्या आट्यावर तुटला होता. ताण सर्वाधिक तेथेच एकवटतो, त्यामुळे तुटलेला तुकडा पृष्ठभागाशी समतल राहतो आणि पकडीने धरण्याजोगे काहीच उरत नाही. मात्र डोके तुटल्याक्षणी बोल्टातला ताणही सुटलेला असतो, म्हणून गंज नसेल तर आत राहिलेला तुकडा आट्यांमध्ये फारसा अडकलेला नसतो. सोमवारी सेंटर पंचाने मध्यभागी खूण करून मी २.५ मिलिमीटरचा उलट्या दिशेने कापणारा ड्रिल बिट सावकाश चालवला, आणि साधारण ३ मिलिमीटर खोल गेल्यावर बिटाबरोबर फिरत तुकडा आपोआप बाहेर आला. तुटलेला बोल्ट पकडून बाहेर काढण्याचे हत्यार, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, जवळ असूनही तो मी वापरला नाही. इतक्या बारीक मापाचा एक्स्ट्रॅक्टर अतिशय कठीण आणि ठिसूळ असतो, आणि तो आत तुटला तर साध्या ड्रिलला दाद देत नाही. नंतर एम५ (५ मिलिमीटर व्यासाचा), ०.८ पिचचा, म्हणजे आट्यांमध्ये ०.८ मिलिमीटर अंतर असलेला टॅप (भोकातले आटे कापण्याचे हत्यार) तेल लावून हाताने फिरवला, अर्धा वेढा पुढे आणि पाव वेढा मागे, आणि आटे शाबूत असल्याची खात्री केली.

उरलेल्या तीन बोल्टांवर मी नवा नट हाताने फिरवून पाहिला. दोन बोल्टांवर तो शेवटपर्यंत गेला, एकावर मध्येच अडकला. म्हणजे तोही ताणला जाऊन त्याच्या आट्यांचे अंतर बदललेले होते. डोळ्यांना तो बोल्ट पूर्णपणे निर्दोष दिसत होता.

कारण शोधण्यात पुढचे दोन दिवस गेले, कारण याच हाताने आणि याच अ‍ॅलन कीने मी हे बोल्ट कित्येक वर्षे आवळत आलो आहे. फरक दोन गोष्टींत होता. मूळचे काळे बोल्ट पावसात गंजल्यामुळे मी गेल्या वर्षी स्टेनलेसचे बसवले होते, आणि या वेळी प्रथमच त्यांच्या आट्यांना ग्रीस लावले होते. मूळ बोल्टाच्या डोक्यावर १२.९ असा आकडा होता. त्याचा अर्थ १२०० मेगापास्कलची तन्यताशक्ती (तुटण्यापूर्वी सोसता येणारा कमाल ताण) आणि तिच्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे १०८० पर्यंत, कायमचे न ताणले जाण्याची क्षमता. स्टेनलेसवर ए२-७० असे लिहिले होते. त्याची तन्यताशक्ती ७०० आणि कायमचे ताणले जाण्याची मर्यादा केवळ ४५०. एम५ बोल्टाचे ताण घेणारे क्षेत्रफळ १४.२ चौरस मिलिमीटर धरले, तर काळा बोल्ट सुमारे १५,३०० न्यूटनपर्यंत टिकतो आणि स्टेनलेसचा सुमारे ६,४०० न्यूटनलाच ताणला जाऊ लागतो. चकाकीवर आणि गंज न लागण्यावर विसंबून मी मजबुतीचा आकडा पाहिलाच नव्हता.

ग्रीसचा परिणाम त्याहून सूक्ष्म आहे. आपण लावलेल्या टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या जोराचा (तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात), जवळपास नऊ दशांश भाग डोक्याखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात खर्च होतो, उरलेलाच बोल्टाला ताणतो. घर्षण थोडे कमी झाले की ताण बराच वाढतो. नेहमीच्या ढोबळ सूत्राने कोरड्या एम५ बोल्टावर ५ न्यूटन-मीटर लावले तर सुमारे ५,००० न्यूटन ताण येतो, ग्रीस लावल्यावर तोच ६,६०० च्या पुढे जातो. म्हणजे स्टेमवर छापलेला ५ चा आकडा काटेकोर पाळला असता तरी ग्रीस लावलेला स्टेनलेसचा बोल्ट मर्यादेवरच उभा राहिला असता.

आणि मी ५ वर थांबलोही नव्हतो. बुधवारी सामान तोलण्याचा हातकाटा अ‍ॅलन कीच्या टोकाला, बोल्टापासून १४ सेंटीमीटरवर अडकवून, आकड्याकडे न पाहता मला योग्य वाटेल इतके ओढले, काटा ७.५ किलो दाखवत होता, म्हणजे १० न्यूटन-मीटरपेक्षा थोडे अधिक. टॉर्क रेंच (ठरावीक टॉर्क मोजून लावणारा पाना) नसलेल्यांनी ही चाचणी अवश्य करावी: १० सेंटीमीटरवर ५ किलो ओढ म्हणजे जवळपास ५ न्यूटन-मीटर. गंमत म्हणावी की दुर्दैव, पेडलसाठी जेथे ३५ ते ४० लागतात तेथे माझा हात २२ वरच समाधान मानत होता. लहान बोल्ट जास्त आणि मोठे कमी आवळले जाण्याचे कारण मला उघड दिसते. प्रयत्नाची जाणीव सगळीकडे सारखीच असते, गरज मात्र सारखी नसते.

शनिवारी स्टेमचे सहाही बोल्ट (पुढच्या प्लेटचे चार आणि उरलेले दोन) काढून १२.९ चे नवे बसवले. आट्यांना ग्रीसचा पातळ थर दिला, पुढच्या प्लेटचे चार बोल्ट कर्णरेषेत २, मग ४, मग ५ न्यूटन-मीटर अशा तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळले आणि प्रत्येक फेरीनंतर प्लेटची वरची व खालची फट सारखी आहे हे पाहिले. गंज टाळण्यासाठी डोक्यांच्या खाचांमध्ये आवळून झाल्यावर मेण भरले. बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट मी स्टेनलेसचेच ठेवले आहेत, कारण तेथे २ ते ३ न्यूटन-मीटर पुरतात. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा रेंच लावला तेव्हा सहांपैकी एकही बोल्ट हलला नाही. मेण पावसात टिकते का, ते सप्टेंबरमध्ये खाचा उघडून पाहीन.