पगारवाढ नको म्हणणारे काका

भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपचं पगारपत्रक मी करते. मार्चअखेर वाढीची यादी तयार झाली की कुणी ना कुणी येऊन हळूच विचारतं, "मॅडम, माझी वाढ थांबवता येईल का?"

कारण ईएसआय, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या वर्गणीतून चालणारी कामगारांची सरकारी विमा योजना. २१ हजारांच्या वर पगार गेला की कार्ड बंद. यंदा लेथवरचे काका आले होते. त्यांचा पगार २०,६०० आणि वाढ ९०० रुपयांची. आत्ता त्यांचे पाऊण टक्क्याने १५५ रुपये कापले जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो. मर्यादा ओलांडली तर काकांच्या हातात हजारभर रुपये जास्त येतील, मालकाचेही ६७० वाचतील. पण त्यांच्या आईची शुगर आणि बीपीची औषधं दर महिन्याला ईएसआयच्या दवाखान्यातून येतात. राज्य सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मोठी ऑपरेशनं होतात, रोजच्या गोळ्या मिळत नाहीत. आणि लेथवर हात सापडला तर घरी बसल्यावर ९० टक्के पगार देणारं दुसरं कोण आहे? काकांचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता.

काही जण म्हणतात, पैसे ओव्हरटाइममध्ये दाखवा, कारण मर्यादेसाठी तो धरत नाहीत. न केलेला ओव्हरटाइम मी लिहीत नाही. त्यापेक्षा सरळ मार्ग आहे. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. काळ सुरू झाल्यावर पगार २१ हजारांपुढे गेला, तर त्या काळाच्या शेवटापर्यंत कामगार योजनेतच राहतो. म्हणून वाढ एप्रिलऐवजी मेपासून धरायची. एका महिन्याचे ९०० सोडले की सहा महिन्यांचं संरक्षण वाढतं. हे मालकांना पटवलं आणि काकांची वाढ मेपासून लागली.

पण पुढच्या वर्षी काय? किमान वेतनाचा विशेष भत्ता महागाईप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत बदलतो. ईएसआयची मर्यादा २०१७ च्या जानेवारीत १५ हजारांवरून २१ हजार झाली आणि तिथेच थांबली. तीही महागाईला जोडायला हवी. अनुभवी कामगाराला आईच्या औषधांसाठी स्वतःची वाढ नाकारावी लागते, याचा मला मनापासून राग येतो.

तुमच्याकडेही कुणी या उंबरठ्यावर असेल, तर वाढीचं पत्र निघण्याआधीच अकाउंट्सला तारीख विचारा. एप्रिलचा पगार निघाल्यावर आमच्याही हातात काही राहत नाही.