अठरा हात हायेत तिला

जळीत कक्षात नोकरी करणाऱ्या प्रत्येक नर्सला स्टोव्हच्या भडक्याची गोष्ट पाठ असते. नाशिकच्या रामरथ मिरवणुकीच्या दिवशी निफाडकडून आणलेल्या मुलीच्या सासूनं केसपेपर करताना तीच सांगितली. मुलीनंही मान हलवली. पण भडका पुढून येतो. हिची पाठ, मान आणि डोक्यामागचे केस जळाले होते. उरलेल्या केसांना रॉकेलचा वास होता.

साठ टक्क्यांच्या वर भाजलं की पहिले तास सलाइनच्या हिशेबात जातात. वजनाच्या दर किलोला, भाजलेल्या दर टक्क्याला 4 मिली, त्यातलं निम्मं पहिल्या 8 तासांत. त्या धावपळीत तिची आई आली. चैत्रोत्सवासाठी वणीच्या गडावर सप्तशृंगी देवीला अनवाणी निघाली होती, निरोप कळला तशी अर्ध्या वाटेवरून गाडी करून आली. लेकीचा संसार नीट व्हावा म्हणून नवस होता.

नायब तहसीलदार मृत्युपूर्व जबाब घ्यायला आले. नातेवाइकांना बाहेर काढलं. मुलगी शुद्धीवर असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं. ती जे बोलली ते कोर्टाचं आहे, इथे लिहिणार नाही. हातांचे अंगठे जळाले होते, म्हणून पायाच्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. ती शाई मी पुसली.

बाहेर बाकड्यावर आईनं माझा हात धरला. "सिस्टर, अठरा हात हायेत तिला. महिषासुर मारला तिनं. माह्या लेकीसाठी एक हात पुढं करता आला नाही?"

शेजारी बसलेले एक बाबा म्हणाले, "मागच्या जन्माचे भोग, बाई."

मला संताप आला. मी देव मानते, दिवा लावल्याशिवाय ड्यूटीला निघत नाही. पण मागच्या जन्माचा हिशेब काढला की या जन्मात काडी ओढणारा सुटतो, आणि ते मला कदापि मान्य नाही. मुलीनं आधी तक्रार दिली होती. नवऱ्याला समज देऊन तिला पुन्हा नांदायला धाडलं होतं. म्हणजे माणसं चुकली. पोलीस, भावकी, रोजचा आरडाओरडा ऐकणारे शेजारी, सगळे. हे मला कळतं. तरी प्रश्न उरतोच. माणसं हातावर हात ठेवून बसणार हे ज्याला आधीच ठाऊक, त्यानं का बघत राहावं? जनाबाईनं विठ्ठलाला शिव्या घातल्या, तिला आपण संत म्हणतो. मग या माऊलीचा प्रश्न पाप कसा?

"देवावर भरवसा ठेवा" हे आमच्या तोंडी बसलेलं वाक्य. ते त्या दिवशी मी म्हटलं नाही. म्हणाले, "मावशी, विचारा. मीपण विचारतेय."

मुलगी तिसऱ्या दिवशी गेली. सासरचे मध्यस्थ घेऊन आले, नातवाच्या तोंडाकडे बघून मिटवा म्हणाले. आई बधली नाही. मागणी, मारहाण, परत धाडल्याचा दिवस, सगळं तिनं पोलिसांना लिहून दिलं. लग्नाला 7 वर्षं झाली नव्हती. हुंडाबळीचं कलम लागलं.

कागदांवर सह्या करून निघताना ती म्हणाली, "गडावर जाऊ का नको, सिस्टर?"

"जावंसं वाटलं तर जा, मावशी. तिच्यासमोर उभं राहून हेच विचारा."

"इचारते. नारळ मात्र फोडणार नाही."