ट्रेडिंग रोबो, चौथा महिना : एका ओळीने लपवलेला तोटा

युरो-डॉलर जोडीच्या तासाच्या कँडलवर (त्या तासातले उघडता, बंद, सर्वांत वरचा आणि खालचा भाव दाखवणारी आकृती) चालणारा माझा रोबो, म्हणजे आपोआप सौदे करणारा प्रोग्राम, या महिन्यात अखेर डेमो, म्हणजे खोट्या पैशांच्या, खात्यावर चढला. त्याआधीचे तीन आठवडे मात्र बॅकटेस्टमधला, म्हणजे जुन्या भावांवर नियम चालवून मिळालेला, नफा खरा आहे की नाही, या एकाच प्रश्नात गेले.

नियम साधा आहे. २० कँडलची मूव्हिंग, म्हणजे शेवटच्या २० बंद भावांची सरकती, अ‍ॅव्हरेज ५० कँडलच्या अ‍ॅव्हरेजला छेदून वर गेली की खरेदी, खाली आली की विक्री, आणि स्टॉप लॉस (ठरावीक तोट्यावर सौदा बंद करणारी ऑर्डर) एटीआरच्या, म्हणजे कँडलमागच्या सरासरी हालचालीच्या, दुप्पट अंतरावर. एआय सहायकाला एवढे सांगितल्यावर पायथनमधला कोड काही मिनिटांत हाती आला, पहिल्याच प्रयत्नात चालला आणि भांडवलाचा आलेख जवळजवळ पट्टीने आखल्यासारखा वर चढला. इतका गुळगुळीत आलेख दिसला की आधी शंका घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. म्हणून यादीतला एक सौदा उचलला आणि चार्टवर हाताने पडताळला.

१४ वाजता सुरू झालेली ती कँडल १.०८४२ वर उघडली आणि १.०८७१ वर बंद झाली. तिच्या बंद भावामुळेच दोन्ही अ‍ॅव्हरेज एकमेकींना छेदत होत्या, म्हणजे खरेदीचा संकेत १५ वाजण्यापूर्वी मिळणे शक्यच नव्हते. तरीही कोडने खरेदी नोंदवली होती ती १.०८४२ ला. तासाभराने कळणाऱ्या गोष्टीवर आधीच सौदा झाला होता आणि त्यात २९ पिप (एक पिप म्हणजे भावातला ०.०००१ चा फरक) आयते मिळाले होते. पुढचे आणखी दहा सौदे तपासले, तर दहाही तसेच निघाले. दुरुस्ती एका ओळीची होती : संकेतांचा स्तंभ शिफ्ट या फंक्शनने एक घर खाली सरकवायचा, जेणेकरून सौदा पुढच्या कँडलच्या उघडत्या भावाला होईल. ती केल्यावर सरासरी नफा सौद्यामागे २.१ पिपवर उतरला आणि स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतला फरक) व स्लिपेजचे (अपेक्षित आणि प्रत्यक्ष भावातला फरक) मिळून १.८ पिप वजा जाता हाती उरले केवळ ०.३.

चूक दाखवताच सहायकाने ती मान्य केली आणि तिचे कारणही अचूक सांगितले, पण विचारल्याशिवाय त्याने ती दाखवली नव्हती. त्यामुळे आता मी त्याच्याकडून कोडच्या आधी चाचणी लिहून घेतो. सध्याची सर्वांत उपयोगी चाचणी अशी : कोणत्याही एका कँडलचा बंद भाव मुद्दाम बदलायचा आणि बॅकटेस्ट पुन्हा चालवायचा, त्या कँडलपर्यंतच्या, तीसुद्धा धरून, सर्व नव्या सौद्यांचे भाव आणि वेळा जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत. जुना कोड या चाचणीत लगेच अडकला.

एटीआरमध्येही फरक सापडला. वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत १४ कँडलसाठी आधीच्या एटीआरला १३ ने गुणून त्यात नव्या कँडलची ट्रू रेंज (आधीचा बंद भावही धरून मोजलेली तिची हालचाल) मिळवतात आणि बेरजेला १४ ने भागतात. सहायकाने मात्र शेवटच्या १४ रेंजची सरळ सरासरी घेतली होती. दोन्ही प्रकार प्रचलित आहेत, पण माझा चार्ट वाइल्डर यांच्या पद्धतीचा असल्याने रोबोचा स्टॉप लॉस चार्टवरच्या अंतराशी जुळत नव्हता. आता मी सूत्रच लिहून देतो, नुसते नाव सांगत नाही.

डेमोवरची अडचण वेगळ्या जातीची निघाली. ऑर्डर गेली, नेटवर्क अडखळले, उत्तर वेळेत आले नाही, म्हणून कोडने तीच ऑर्डर पुन्हा पाठवली आणि खात्यात दुप्पट खरेदी झाली. उत्तर न येणे म्हणजे ऑर्डर न लागणे नव्हे, हा भेद कोडमध्ये कुठेच नव्हता. आता प्रत्येक ऑर्डरला माझा स्वतंत्र क्रमांक असतो, आणि उत्तर चुकले तर रोबो आधी ब्रोकरकडून उघड्या पोझिशन (अजून न मिटलेले सौदे) व प्रलंबित ऑर्डर मागवतो, तो क्रमांक शोधतो आणि मगच पुढचे ठरवतो. याशिवाय दिवसाच्या तोट्याची मर्यादा रोबोच्या बाहेर, एका वेगळ्या छोट्या प्रोग्राममध्ये ठेवली आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल कंपनीच्या यंत्रणेतला वापरात नसलेला जुना कोड चुकून जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांच्या घरात तोटा झाला. सौदे करणारा कोड बिघडला तरी त्याला थांबवणारा कोड शाबूत असला पाहिजे, म्हणून हे दोन भाग मी एकत्र ठेवणार नाही.

०.३ पिपचा नफा मी नफा मानत नाही, कारण खर्च दीडपट धरला की तो उणे ०.६ होतो. खऱ्या पैशांचे खाते त्यामुळे अजून जोडलेले नाही. सौद्यामागचा खर्च जवळपास तेवढाच राहून हालचाल मोठी मिळावी, यासाठी हाच नियम चार तासांच्या कँडलवर याच चाचण्यांसह चालवायला घेतला आहे. २० आणि ५० हे आकडे मात्र निकाल हाती येईपर्यंत बदलणार नाही.