पहिलं सेमिस्टर, पुरुषोत्तम आणि माझं ‘करायलास’

ऑगस्ट लागला की मला अजूनही पुरुषोत्तमच्या, म्हणजे कॉलेजच्या एकांकिका स्पर्धेच्या, लॉट्सची (कुणाचा प्रयोग कधी ते ठरवणाऱ्या चिठ्ठ्यांची) आठवण येते. पुण्यात असेन तर एक तरी संध्याकाळ सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात काढतोच, आणि पडदा उघडायच्या आधी पोरांनी ‘अरे आव्वाज कुणाचा’ सुरू केलं की मी सरळ 2012 मध्ये जाऊन पोचतो, इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला.

मी उदगीरचा. बारावी झाली, कॅप राउंडमधून पुण्यातलं कॉलेज मिळालं, आणि वडील सोडायला आले. रात्रभर ट्रॅव्हल्स, पहाटे हडपसरला उतरलो तेव्हा सोबत एक ट्रंक, गादीची वळकटी आणि आईने दिलेला धपाट्यांचा डबा. वडिलांनी हॉस्टेलची फी भरली, रूम बघितली, खिडकीची कडी नीट लागते का तेवढं तपासलं आणि त्याच रात्री परत गेले, कारण त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने पार दगा दिलेला आणि त्यांचा सगळा जीव शेतातल्या सोयाबीनवर टांगलेला. मग 1 ऑगस्टला संध्याकाळी जंगली महाराज रोडवर स्फोट झाले, कमी ताकदीचे होते, पण टीव्हीवर बालगंधर्व रंगमंदिराच्या समोरचं ते दृश्य परत परत दाखवत होते आणि आईचा फोन, माघारी ये म्हणून. मी नाही म्हणालो खरा, पण त्या रात्री कुणी गाडीत बसवलं असतं तर गेलो असतो.

आणि मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो बोलण्याचा. पहिल्याच आठवड्यात वर्कशॉपमध्ये शेजारचा पोरगा जॉब म्हणजे लोखंडाचा तुकडा कानशीने घासत होता, त्याला मी सहज विचारलं, "काय करायलास?" तो थांबला, मग हसला, मग त्याने दुसऱ्याला सांगितलं आणि आख्खी बॅच दिवसभर एकमेकांना काय करायलास, कुठं चाललास करत फिरत होती. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला आज कळतं. पण सतरा-अठरा वर्षांच्या पोराला ते लागतं. आमच्याकडे गल्लीत मराठी, कानडी, दखनी सगळं कानावर पडत असतं, बिदर तासा-दीड तासावर, कुणी कुणाच्या बोलण्याला हसत नाही. मी बोलणंच कमी केलं. जे बोलायचो ते आधी मनात पुणेरी करून घ्यायचो, करायलास नाही, करतोयस. घरचा फोन आला की हॉस्टेलच्या मागे पाण्याच्या टाकीपाशी जाऊन बोलायचो, म्हणजे कुणाच्या कानावर पडायला नको.

त्यात एक दिवस माझा रूममेट (जळगावचा, त्याला नाटकाचं भयंकर वेड) मला ओढत पुरुषोत्तमच्या प्रॅक्टिसला घेऊन गेला. मला तर पुरुषोत्तम म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून कॉलेजच्या पोरांसाठी ही एकांकिका स्पर्धा घेते, प्राथमिक फेरीला पन्नासच्या आसपास कॉलेजं असतात आणि फायनलला त्यातली फक्त 9 जातात. इथे झगमगाटाला मार्क नाहीत, लेखन, दिग्दर्शन, अभिनय हेच बघतात, म्हणून चार लेव्हल्स (स्टेजवरचे लाकडी चौथरे) आणि दोन खुर्च्यांवर पोरं अख्खं गाव उभं करतात. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं, मी आपला भिंतीला टेकून बसलो आणि बॅकस्टेजला माणूस हवाय म्हटल्यावर हो म्हणालो. लेव्हल्स उचलायच्या, प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकातल्या सामानाची, यादी ठेवायची, चहा सांगायचा. संध्याकाळी सहाला सुरू झालेली प्रॅक्टिस रात्री बारापर्यंत चालायची, तिथे कुणी मला काही विचारत नव्हतं आणि रूमवर एकटं बसण्यापेक्षा ते खूप बरं होतं.

आता एकांकिका होती टँकरच्या रांगेवर. मराठवाड्यातलं गाव, दोन दिवसांनी येणारा टँकर, रांगेत घागरी आणि माणसं. लिहिणारी मुलगी सेकंड इयरची, चांगलं लिहिलेलं तिने, पण मेन रोल करणारा पोरगा कोथरूडचा आणि तो बोलायचा ते सगळं ‘आम्ही जातुया, तुमी येताय न्हवं’ अशा थाटात, म्हणजे सिनेमात दाखवतात ते गाव. मला पाच-सहा दिवस ऐकवत नव्हतं आणि सांगायचा धीरही होत नव्हता. एका रात्री तो टँकरच्या दिशेने बघत म्हणाला, "पानी येतंया का गं?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्याकडं असं नाही म्हणत."

सगळे थांबले. दिग्दर्शक थर्ड इयरचा होता, जाड चष्म्याचा, फार कमी बोलणारा. त्याने विचारलं, मग कसं म्हणतात?

मी म्हणालो, "पाणी यायलंय का गं?"

"परत म्हण."

परत म्हणालो. मला वाटलं आता हसतील. कुणी हसलं नाही. दिग्दर्शकाने कोथरूडच्या पोराला माझ्या समोर जमिनीवर बसवलं आणि म्हणाला, "आजपासून तू याच्याकडून शिक, याने ओके म्हटल्याशिवाय लाइन पक्की नाही." मग रोज रात्री आम्ही दोघं पायरीवर बसायचो, संहितेची झेरॉक्स मांडीवर, हातात पेन्सिल. यायलंयमधला शेवटचा ‘य’ किती हलका सोडायचा, हेल कुठे चढवायचा, म्हातारी माणसं कसं बोलतात आणि पोरं कसं बोलतात. त्याला ते पटकन जमेना. ‘करायलास’ म्हणताना तो दर वेळी ‘ला’वर जोर द्यायचा आणि मी म्हणायचो नाही, तिथे थांबू नको, घसरत पुढे जा. सहाव्या-सातव्या दिवशी शेवटी मीच घरी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि त्याला ऐकायला सांगितलं. आई नेहमीसारखी बोलत होती, जेवलास का, काय करायलास, इकडं काय पाऊस न्हाई. तो एक शब्द न बोलता ऐकत बसला. फोन ठेवल्यावर म्हणाला, "काकू किती गोड बोलतात रे." आणि दुसऱ्या दिवसापासून त्याला ते जमायला लागलं. टाकीपाशी लपून बोलायची गरज मला त्यानंतर कधी वाटली नाही.

प्रयोगाच्या दिवशी आमच्या कॉलेजचे दीड-दोनशे तरी जण आलेले, त्यात वर्कशॉपची ती आख्खी बॅच. मी विंगेत लेव्हलचा कोपरा धरून उभा, तळहात घामाने ओले, बाहेर ‘आव्वाज कुणाचा’चा असा काही गजर की पायाखालची फळी थरथरत होती. मग तिसरी घंटा झाली आणि एकदम शांत. तशी शांतता मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती, दोनशे पोरं श्वास धरून बसलेली. अंधारात पहिली घागर वाजली आणि त्याचा आवाज आला, पाणी यायलंय का गं. मला विंगेत भरून आलं. उदगीरच्या आमच्या गल्लीतलं वाक्य भरतच्या स्टेजवर, आणि सगळे कान देऊन ऐकताहेत.

प्रयोगानंतर बाहेर गेटपाशी उभे होतो तर एक आजोबा गर्दीतून वाट काढत आले, धोतर, टोपी, हातात छत्री. सरळ कोथरूडच्या पोराचा हात धरला आणि म्हणाले, "बाळा, तू उदगीरचा का अहमदपूरचा?" तो काहीच बोलला नाही. त्याने फक्त माझ्या खांद्याला धरून मला पुढे ओढलं. आजोबा मूळचे आमच्याकडचेच, चाळीस वर्षं पुण्यात. त्या गर्दीत आम्ही दोघं दहा मिनिटं मोठमोठ्याने आमच्या भाषेत बोलत होतो, पाऊस, पेरणी, उदगीरचा किल्ला, सगळं. बाकीचे भोवती उभे राहून ऐकत होते.

आम्ही फायनलला गेलो नाही. 9 नावं वाचली त्यात आमचं नव्हतं, लिहिणारी मुलगी खूप रडली, दिग्दर्शक बराच वेळ एकटाच चालत राहिला आणि मग टिळक रोडवर एका टपरीवर सगळ्यांना चहा पाजला. मला अजूनही वाटतं आमचं नाव यायला हवं होतं.

त्यानंतर गणपती आले, मानाचे पाच गणपती पहिल्यांदा बघितले, विसर्जनाला रात्रभर लक्ष्मी रोडवर उभे राहिलो आणि मग एकदम सबमिशन अंगावर आलं. महिनाभर प्रॅक्टिस केल्यामुळे माझ्या ग्राफिक्सच्या (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या) शीट्स जवळपास सगळ्या बाकी होत्या. तर ही सगळी मंडळी माझ्या रूमवर हजर, शीट छापायला दोन खुर्च्यांवर काच टाकलेली, खाली बल्ब, आणि कोथरूडचा तो पोरगा घरी न जाता तीन रात्री माझ्यासोबत ड्राफ्टर घेऊन बसला. एम-वनचं, म्हणजे गणिताचं, पुस्तक कुणीतरी मोठ्याने वाचत होतं. पहाटे चारला शेवटची शीट झाली तेव्हा आईच्या नव्या डब्यातले धपाटे निघाले आणि एका मिनिटात संपले.

पुढची तीन वर्षं मी पुरुषोत्तमला होतो, शेवटच्या वर्षी एक छोटा रोलसुद्धा केला. पण ते पहिलं सेमिस्टर ते पहिलंच. आता आमच्यातले निम्मे बाहेर आहेत, एकजण अमेरिकेत, त्याला आम्ही भरतमधून फोन लावून नुसता आव्वाज कुणाचा ऐकवतो, तो काही बोलत नाही, शेवटपर्यंत ऐकतो. कोथरूडचा तो पोरगा मात्र पुण्यातच आहे, दोन मुलांचा बाप झालाय, आणि ऑगस्ट लागला की त्याचा मेसेज येतोच: "काय करायलास? लॉट्स निघाले."

यंदाही आलाय. शुक्रवारची तिकिटं काढायलोय.