तबल्यावर कोण होतं?

दुपारी जेवण झाल्यावर आडवं पडून काहीतरी ऐकावं म्हणून फोनवरची यादी उघडली, तर मोगूबाई कुर्डीकर आणि मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यांच्या मधली ओळ करडी पडलेली. ‘व्हिडिओ उपलब्ध नाही.’ काढलात तर काढलात, पण नावही पुसायचं? तिथे काय होतं ते मला आठवेना. हळहळायचं तर आधी कुठलं गाणं गेलं ते तरी कळायला हवं.

बहुधा खाजगी मैफलीचं रेकॉर्डिंग असणार. माझ्या यादीत तीच जास्त. स्टुडिओतल्या घोटीव गाण्यापेक्षा मला खोकल्यांसकट, भलत्याच जागी ‘क्या बात है’ म्हणणाऱ्या गृहस्थांसकट आलेलं गाणं आवडतं. ही सवय काकांच्या टेपरेकॉर्डरने लावली. काका मैफलीला तासभर आधी जात ते स्पीकरजवळची जागा आणि प्लगपॉइंट धरायला. मांडीवर टेपरेकॉर्डर, खिशात ९० मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटा. बडा ख्याल रंगात आला तरी त्यांचं अर्धं लक्ष फिरणाऱ्या चाकाकडे. द्रुत चढत जावं आणि नेमकं तेव्हाच खट्कन बटण वर यावं, हे ठरलेलं. आमच्या घरातल्या निम्म्या तराण्यांना शेवटची समच नाही, म्हणजे गाणं जिथे येऊन टेकतं ती मात्राच नाही. घरी आल्यावर कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लास्टिकचे दात स्क्रूड्रायव्हरने मोडायचे, म्हणजे कुणी त्यावर हिंदी गाणी भरायला नको. मग त्या कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. परवानगी वगैरे कुणी कुणाला विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

कॉपीराइट कायद्याचं म्हणाल तर हक्काची मुदत ध्वनिमुद्रणाला प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि कवी-संगीतकारांना मृत्यूनंतर ६०. (आधी ५० होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आली, तेव्हा १९९२ मध्ये दहा वाढवून दिली.) या हिशेबाने ‘मानापमान’ या संगीत नाटकाची पदं केव्हाच सगळ्यांची झाली. ती लिहिणारे खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे १९५५ साली. माझ्या भाचीने क्लासच्या कार्यक्रमात त्यातलं एक पद म्हटलं, तिच्या बाबांनी ते हौसेने नेटवर चढवलं, आणि दुसऱ्या दिवशी कुठल्याशा कंपनीचा दावा हजर! यंत्राने सूर जुळवून पाहिले आणि ठरवलं की ही कुणी नामांकित गायिकाच. घरात संतापाऐवजी पेढे वाटायची वेळ आली. त्यावर तक्रार कोण करतो!

गाणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं की मात्र माझा आवाज जरा खाली येतो. १९६०च्या दशकात लताबाईंनी गायकांसाठी रॉयल्टी मागितली. एकदा मानधन घेतलं की गायकाचा संबंध संपला, असं रफीसाहेबांचं म्हणणं. एवढ्यावरून दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. आणि गायकांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात आला २०१२ साली. तोवर रफीसाहेबांना जाऊन ३२ वर्षं झाली होती.

गायिका केसरबाई केरकरांचा तर मैफलीत रेकॉर्डिंगलाच सक्त विरोध. काकांना त्यांनी दारातूनच परत पाठवलं असतं, प्लगपॉइंट राहिला बाजूला. त्यांचे गुरू अल्लादियाखाँसाहेब, त्यांनी रेकॉर्ड दिलीच नाही. १९४६ साली ते गेले, शिष्यांच्या गळ्यात उरलं तेवढं उरलं. नाही म्हणायचा त्यांचा हक्क मला पूर्ण मान्य आहे. पण तेव्हा कुणी लपूनछपून दोन मिनिटं जरी टिपून ठेवली असती, तर ती ऐकायला मी आज पहिल्या रांगेत बसले असते.

काका आता नाहीत. परवा चुलतभावाचा फोन आला. “ताई, बाबांच्या कॅसेटा डिजिटल करून घेतोय. नेटवर टाकू का? परवानगी कुणाची काढायची?”

गाणारे गेले, मैफल भरवणारं मंडळ बंद पडलं. वारस पुण्यात की पेनसिल्व्हेनियात, कोण जाणे.

“टाक,” मी म्हटलं. “गाणाऱ्यांच्या घरच्यांपैकी कुणी काढ म्हणालं तर लगेच काढ, वाद घालू नकोस. पण तबल्यावर कोण होतं ते नीट लिही. पेटीवर कोण, तेही.”

“ते कुठे लिहिलंय अगं! राग लिहिलाय, तारीख लिहिलीय, कोऱ्या कॅसेटची किंमतसुद्धा लिहिलीय.”