उन्हात वाकलेली रेकॉर्ड

अमृतमहोत्सवाच्या निमंत्रणासोबत सूचना आली होती : मनोगत पाचशे शब्दांत पाठवावे, त्यात शाळेच्या सर्वांगीण प्रगतीचा आढावा असावा. संपादक मंडळाची आधीच माफी मागतो. सर्वांगीण प्रगतीतलं मला फारसं काही कळत नाही. मला एक सर माहीत आहेत आणि त्यांचा ग्रामोफोन. शब्द मोजायचं काम तुमच्याकडे.

सरांचं नाव लिहीत नाही. 'तबकडी सर' म्हटलं की पाचवीच्या पोरापासून घंटा देणाऱ्या मामांपर्यंत सगळ्यांना कळायचं, आणि ज्यांना कळत नाही ते आपल्या शाळेचे नव्हेत. सर मराठी शिकवायचे, पण त्यांचं स्वतःचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते सातवीत होते. हजेरी मराठीत घ्यायचे, मार्कांची बेरीज मात्र शेवटपर्यंत उर्दूत. पेपर तपासताना त्यांचे ओठ हलायला लागले की पोरं म्हणायची, सर मंत्र टाकू लागले, आता कोण जगतो बघा. वर्गात कुणी कविता बरी म्हटली तर शाबासकी नाही, 'मुकर्रर!' म्हणायचे. म्हणजे पुन्हा म्हण. दहावीपर्यंत मी तो शब्द 'मुकरर' असा लिहायचो आणि त्याचा अर्थ 'पास' असा समजायचो.

पत्र्याची खोली सगळ्यांना आठवत असेलच. शनिवारी शेवटच्या तासाला सर तिथं ग्रामोफोन आणायचे. लाकडी पेटी, बाजूला चावी. लाईट असो नसो, चावी भरली की गाणं सुरू. सुयांची पत्र्याची डबी, तिच्यावर कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा. खरं तर दर बाजूला सुई बदलायची असते. पण सुया औरंगाबादहून आणाव्या लागत, म्हणून सर एका सुईवर चार-चार बाजू ओढायचे. त्यामुळे आमच्या लहानपणीची सगळी गाणी ज्वारी पाखडल्याच्या आवाजात वाजली. अजून कुठं सूप वाजलं की मला गाणं सुरू होणार असं वाटतं.

इतर शाळांतल्या पोरांनी ग्रामोफोनवर भक्तिगीतं ऐकली असतील. आम्ही ऐकली ती टिंगलीची गाणी, बतावणी, भारुडं, पु.लं.चं कथन. 'रडायला घरी भरपूर आहे,' असं सर म्हणायचे. १९७२ चा दुष्काळ उलटून दोन-तीन वर्षंच झाली होती. वर्गातल्या निम्म्या पोरांनी दुष्काळी मदतीतली सुकडी आणि मिलो ज्वारी खाल्लेली होती, काहींनी आईबापांबरोबर खडी फोडलेली. त्या पोरांना हसवणं सोपं नव्हतं.

सर नुसती रेकॉर्ड लावून बसायचे नाहीत. सुई उचलायचे आणि विचारायचे, 'आत्ता कशाला हसलास?' याचं उत्तर देता येत नाही, करून बघा. मग तेच सांगायचे. जुनी तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते, एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं. गावातल्या फडात शाहीर तासभर घोळवतो. आधी गण, मग गवळण, मग बतावणी, वग लागेपर्यंत मध्यरात्र. तोच शाहीर रेकॉर्डिंगला उभा राहिला की त्याच्याजवळ तीन मिनिटं. 'मग तो काय ठेवतो आणि काय टाकतो, ते ऐका. ठेवलेलं असतं ते नांगीचं टोक.' हे वाक्य मी पुढं चाळीस वर्षं वापरलं, आणि बऱ्याच ठिकाणी माझंच म्हणून.

वसतिगृहातली पोरं आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी म्हणायची. ती रेकॉर्डवर नव्हती, जलशातून ऐकून पाठ केलेली. टाटा, बिर्ला आणि बाटा यांचा साठा कुठं आहे आणि त्यातला आमचा वाटा कुठं आहे, असं विचारणारं त्यांचं गाणं आहे. एका शनिवारी सरांनी ग्रामोफोन बंद ठेवला आणि वसतिगृहाच्या तिघांना ते म्हणायला लावलं. बाक हे वाद्य. गाणं संपल्यावर फळ्यावर चार शब्द लिहिले : बाटा, टाटा, साठा, वाटा. म्हणाले, 'यमक जुळवायला कवीला काही करावंच लागलं नाही. मालकांनी नावंच तशी ठेवली. त्यानं फक्त शेवटी वाटा आणून बसवला.' त्या तिघांपैकी एक आज जिल्हा न्यायालयात वकील आहे. तो मला म्हणाला, शाळेत आपलं गाणं फळ्यावर गेलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आता त्या १ मेचं. बरेच जण अजून भेटले की तेच काढतात, आणि प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून एकदा लेखी करून टाकतो.

साल १९७७, मी नववी संपवलेली. महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन, त्यानंतर निकाल. प्रमुख पाहुणे बीडीओ साहेब, त्यांना यायला उशीर, म्हणून सकाळी सातचं झेंडावंदन साडेनवावर गेलेलं. सरांच्या घरून रेकॉर्डी आणायचं काम माझ्याकडे. सरांनी तोवर विजेवर चालणारा छोटा प्लेअरही घेतला होता, मोठ्या रेकॉर्डी त्याच्यावर वाजायच्या. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, पाच रेकॉर्डी जुन्या पातळात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधून दिल्या. सगळ्यात वर महाराष्ट्राच्या गौरवाची मोठी एलपी, कारण ती आधी लागणार. सगळ्यात खाली शाहीर साबळ्यांच्या आवाजातलं एकनाथांचं 'विंचू चावला'. ती सर कुठंही जाताना बरोबर ठेवायचेच, जसं कुणी छत्री ठेवतं.

बसस्टँडसमोर गोळ्याची गाडी होती. माझ्याकडे दहा पैसे होते. पाहुणे आले नाहीत हे मला ठाऊक होतं. सायकल उन्हात लावली, मी गाडीच्या सावलीत उभा. एक गोळा खाल्ला. ओळखीचा एक जण भेटला, त्यानं दुसरा दिला. मराठवाड्यातलं मे महिन्याचं ऊन साडेनऊला काय असतं, ते इथल्या माणसाला सांगायची गरज नाही, आणि काळी एलपी त्यात काय होते ते मला तेव्हा माहीत नव्हतं. वरून पातळ असल्यामुळे काही दिसलंही नाही.

झेंडा वर गेला. सगळे सावधान. सरांनी प्लेअरसमोर माईक धरला आणि सुई ठेवली. पहिला शब्द ठीक आला. मग सुई चढावर चढली आणि उतारावरून घसरली. एलपी मिनिटाला ३३ फेरे घेते, म्हणजे दर पावणेदोन सेकंदाला एकदा ती वाकलेली कड यायची, आणि गायकाचा आवाज कण्हल्यासारखा खाली जाऊन पुन्हा उसळायचा. सह्याद्री गचके खात होता. म्हशीला पाण्यात ढकलल्यावर ती कशी ओरडते, तसा तो गौरव भोंग्यातून अख्ख्या पेठेत चालला होता. सावधान उभ्या असलेल्या चारशे पोरांचे खांदे हलायला लागले. आधी मुलींकडून फुस्स आवाज आला. नंतर कुणाचंच काही हातात राहिलं नाही. हेडमास्तरांचा चेहरा मी पाहिला नाही, कारण मी जमिनीकडे बघत होतो.

सरांनी सुई उचलली. शांतपणे पातळाच्या तळातली रेकॉर्ड काढली, पुसली आणि लावली. झेंड्याखाली, बीडीओ साहेबांच्या समोर, 'विंचू चावला' सुरू झालं. हेडमास्तर सरसावले तसे सर माईकमध्येच म्हणाले, 'नाथ महाराज पैठणचे. पैठण महाराष्ट्रातच येतं.' मग कुणाला काही बोलता येईना. साहेबही हसले, पण जरा उशिरा, वरून परवानगी आल्यासारखे.

निकाल वाटून झाल्यावर सरांनी मला पत्र्याच्या खोलीत बोलावलं. मी रस्ताभर तयारी केली होती : ऊन फार होतं, चाक पंक्चर झालं, वाटेत कुत्रं आडवं आलं. सर म्हणाले, 'जीभ दाखव.' दाखवली. अर्धी लाल, अर्धी नारंगी. 'दोन खाल्लास?' 'एक फुकटचा होता सर.' त्यांना हसू आलं आणि त्यांनी ते गिळलं, हे मी स्पष्ट पाहिलं. मला मार बसला नाही. शिक्षा अशी, की सुट्टीत रोज संध्याकाळी घरी यायचं आणि ती विंचवाची रेकॉर्ड ऐकून अक्षर न् अक्षर वहीत उतरवून काढायचं. पुस्तक बघायचं नाही.

वाटलं, तासाभराचं काम. चार संध्याकाळी लागल्या. सुई ठेवायची, पाच शब्द ऐकायचे, उचलायची, लिहायचं. पुन्हा ठेवताना ती दोन ओळी पुढं पडायची. ओसरीवर बाई भाजी निवडत बसलेल्या, त्यांना ते भारूड माझ्याआधी पाठ झालं. पण त्या चार संध्याकाळींत मला कळलं, की हसू आपल्याला वाटतं तिथं नसतं. विंचू चावला म्हणून तो माणूस ठणाणा ओरडतो, तिथं सगळे हसतात. त्या हसण्याच्या गडबडीत नाथ 'कामक्रोध' हा शब्द हळूच घुसवतात, आणि आपण हसतहसत तोही म्हणून टाकतो. चावलेला माणूस तर आपणच. पुढं इंगळी येते. शहरातल्या लोकांना विंचू नि इंगळीतला फरक सांगावा लागतो : इंगळी म्हणजे मोठा विंचू. आमच्या घरी दगडाखाली दोन्ही निघायचे आणि इंगळी निघाली की आजी चप्पल न शोधता फुंकणी उचलायची. म्हणून 'मनुष्य इंगळी अति दारुण' या ओळीला सर का थांबायचे, ते मला आपोआप कळलं. झीलकरी, म्हणजे मागचे साथ करणारे, सूर ओढतात तेव्हा मुख्य गायक श्वास घेतो, तेही सुई शंभर वेळा उचलल्यामुळे ऐकू आलं.

त्या शिक्षेवर मी आजवर जगलो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, कारण जगलो पाटबंधारे खात्याच्या पगारावर. पण खात्यात असतानाच वात्रटिका लिहायला लागलो. मस्टरवरच्या मेलेल्या माणसांवर, कागदावर वाहणाऱ्या पाटचाऱ्यांवर, साहेबांच्या जीपवर. आकाशवाणी परभणीवर सतरा वेळा वाचल्या, दिवाळी अंकांत येतात, गेल्या वर्षी तालुक्याच्या साहित्य संमेलनात हास्यकविसंमेलनाचं सूत्रसंचालन केलं, नातू त्याचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवतो. एका वात्रटिकेमुळे बदलीही झाली. ती चांगली होती, असं अजून मला वाटतं. बदली नव्हे, वात्रटिका.

सर निवृत्त झाल्यावर मी त्यांना 'वऱ्हाड निघालंय लंडनला' ची कॅसेट नेऊन दिली होती. लक्ष्मण देशपांडे आपल्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारे, एकटा माणूस बावन्न पात्रं उभी करायचा, आणि तीही आपल्या बोलीत. सरांनी दोन्ही बाजू ऐकल्या. एकदाही 'मुकर्रर' म्हणाले नाहीत. मला वाटलं, आवडली नाही. संपल्यावर म्हणाले, 'आपल्या रेकॉर्डींत खेडवळ माणूस आला की शहरातले हसायचे. याच्यात खेडवळच बोलतो न् आपण स्वतःला हसायलो. इतकी वर्षं मी पोरांना दुसऱ्यांची रेकॉर्ड ऐकवली की रे.' मी म्हणालो, तसं नाही सर. ते म्हणाले, 'तसंच आहे. उलटी बाजू लाव.'

आता खंत. पत्र्याची खोली पाडून तिथं संगणक कक्ष झाला, ठीक आहे, गळतच होती. पण मागच्या वर्षी स्नेहसंमेलनाला आलो तेव्हा पोरं मोबाईलवरच्या गाण्यांवर नाचत होती, आवाज एवढा की शब्द कळेना, आणि मध्येच कुणी थांबवून 'आत्ता कशाला हसलास' असं विचारणारं नव्हतं. मी म्हातारा झालोय, हे मान्य. तरी भारुडाची एक स्पर्धा ठेवा, बक्षिसाची रक्कम मी देतो. हे इथं छापा म्हणजे मला मागं हटता येणार नाही.

सर गेल्यावर बाईंनी मला बोलावून त्या दोन वस्तू दिल्या : वाकलेली एलपी आणि माझी वही. एलपी सरांनी फेकली नव्हती, ग्रामोफोनच्या पेटीमागं भिंतीला टेकवून ठेवली होती. वहीत सगळं भारूड माझ्या नववीच्या अक्षरात. मी 'मज नागा मारिला' असं लिहिलं होतं, साप समजून. सरांनी 'ना' वर लाल शाईनं एक टिंब दिलं आहे. 'नांगा', म्हणजे नांगी. चार संध्याकाळींच्या कामात तेवढीच दुरुस्ती. लाल आता फिकट गुलाबी झालंय.

प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू आणा असं निमंत्रणात लिहिलंय. दोन्ही घेऊन येतो. रात्रीच्या गाडीने.