माथेरानात राहण्यासाठी घर पाहताना

निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने डोंगरावर राहायचे, हे आम्हा दोघांचे फार पूर्वीच ठरले होते आणि ती जागा माथेरानच असणार, याविषयी घरात दुमत नव्हते. डोंबिवलीहून कर्जत लोकलने नेरळ गाठायचे, तिथून टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर उतरायचे आणि पुढे तांबड्या मातीतून चालत सुटायचे, हा प्रवास आम्ही मुले लहान असल्यापासून करत आलो आहोत. पण चार दिवस हवापालट करून परतणे वेगळे आणि भाड्याने घर घेऊन संसार मांडणे वेगळे. संसार म्हटला की गॅसचा सिलिंडर आला, धान्य आले, पावसाळ्याची बेगमी आली आणि आमच्या वयात गुडघ्यांचे दुखणेही आले. माथेरानात या प्रत्येक गरजेपाशी कुठे ना कुठे घोडा उभा असतो. म्हणून या खेपेला आम्ही घरे पाहत हिंडलो ते घोड्यांच्या वाटांनीच.

माथेरान रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली चौकच्या बाजूने हा डोंगर चढून आले आणि पुढे इथे इंग्रजांचे, पारशांचे, बोहऱ्यांचे बंगले उभे राहिले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली नेरळ–माथेरान ही छोटी रेल्वे १९०७ साली सुरू झाली. तोवर वर यायचे तर घोडा, डोली नाहीतर स्वतःचे पाय, एवढेच पर्याय होते. मोटारींना वर मज्जाव आहे आणि २००३ साली केंद्र सरकारने हा सारा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. रुग्णवाहिकेसारखे अपवाद सोडले तर दस्तुरीच्या पुढे खासगी गाडी जात नाही. त्यामुळे देशातल्या इतर थंड हवेच्या ठिकाणी घोडा ही फोटोपुरती हौस उरली असताना इथे तो अजून गावाच्या रोजच्या कामात आहे.

पहिले घर दस्तुरी आणि अमन लॉज हे छोट्या रेल्वेचे स्थानक यांच्या मधल्या भागात पाहिले. सोयीच्या दृष्टीने त्याला तोड नव्हती. टॅक्सीतून उतरले की घर, आजारपण आले तर पाच मिनिटांत गाडी, आणि माथेरान स्थानकापर्यंत जाणारी शटल हाकेच्या अंतरावर. नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात बंद असते, पण अमन लॉज ते माथेरान ही शटल तेव्हाही चालते, हा मोठाच आधार आहे. तरीही ते घर आम्ही सोडले. शनिवार-रविवारी तिथे घोड्यांची जी दाटी होते, ती एका जागी उभ्या असलेल्या, कंटाळलेल्या जनावरांची दाटी असते. कोरड्या दिवसांत लीद वाळते, टापांखाली तिचा चुरा होतो आणि तांबड्या धुळीत मिसळून तो थेट खिडकीतून आत येतो. घोड्यांवर माझे मनापासून प्रेम आहे, पण दम्याचा त्रास असलेल्या माणसाने घोड्यांच्या तळाशेजारी घर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

बाजारातल्या घरांचा प्रश्न निराळा होता. महात्मा गांधी मार्गावर किराणा, औषधे, भाजी सगळे हाताशी मिळते आणि २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आत लोकसंख्या असलेल्या या गावात बाजारात राहणाऱ्याला सोबतही भरपूर असते. मात्र तिथे आम्हाला थांबवून धरले ते रस्त्याने. दस्तुरीकडून येणाऱ्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. मातीची धूप थांबावी आणि ई-रिक्षा चालाव्यात, ही त्यामागची गरज मला मान्य आहे. पण उतारावर घोडा कसा उतरतो, हे मी बराच वेळ उभी राहून पाहिले. पुढचा पाय टेकवण्याआधी तो किंचित अडखळतो, मागचे पाय पोटाखाली ओढून घेतो आणि संधी मिळाली की ब्लॉक सोडून कडेच्या हातभर मातीच्या पट्टीवर जातो. लगाम धरणाऱ्याने त्याला पुन्हा मध्ये आणले, तरी पुढच्या वळणावर तो कडेलाच गेलेला असतो.

बाजाराच्या मागच्या गल्लीत नालबंद काम करत होता, त्याच्याजवळ थांबलो. घोडीचा मागचा पाय त्याने आपल्या मांडीवर घेतला होता. जुना नाल त्याने पकडीने उचकटून काढला, तेव्हा त्याची पुढची कड कागदासारखी पातळ झालेली दिसली. वाढलेले खूर त्याने तासले, कानशीने सारखे केले, नवा नाल लावून पाहिला, ठोकून थोडा आत वळवला आणि मग खिळे अशा तिरक्या अंगाने मारले की त्यांची टोके खुराच्या बाहेरच्या कडेतून निघाली. ती मुरडून त्याने घासून टाकली. खूर नखासारखे असते, वरच्या थरात संवेदना नसते, पण खिळा जरा आत गेला तर घोडा लंगडतो आणि मालकाचे तितक्या दिवसांचे उत्पन्न बुडते. मातीवर चालणाऱ्या घोड्याचा नाल जास्त टिकतो, असे तो म्हणाला. “मावशी, ब्लॉकवर लोखंड घासतं आणि घसरतंही,” हे त्याचे वाक्य आम्ही ऐकले, तेव्हाच बाजारातल्या घराचा विचार मागे पडला होता.

पश्चिमेकडे शार्लोट तलाव, लुईझा पॉइंट आणि एको पॉइंट यांच्या आसपास फिरताना मात्र मन मोहात पडत होते. जांभूळ आणि अंजनीच्या दाट सावलीतून जाणारी वाट, माथ्यावरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झेप घेणारा शेकरू आणि मधूनच उघडणारी खोल दरी, हे सारे हिवाळ्यात अप्रतिम दिसते. पण राहणाऱ्याने ही बाजू जुलैमध्ये पाहायला हवी. नैर्ऋत्येचा वारा पावसाला आडवा घेऊन थेट याच अंगावर आदळतो. भिंतींना ताडपत्र्या बांधूनही कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते. २६ जुलै २००५ च्या पावसाने तर रेल्वेमार्गच जागोजागी उखडला आणि तो पूर्ववत व्हायला २००७ उजाडले. शिवाय पावसाळ्यात पर्यटक रोडावले की बरेचजण आपले घोडे खाली उतरवतात, असे आम्हाला एका घोडेवाल्याने सांगितले. म्हणजे ज्या काळात दूरच्या घराला घोड्याची सर्वाधिक गरज, त्याच काळात घोडा मिळणे अवघड.

ओझ्याचा हिशेबही आम्ही तिथेच बसून केला. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांत तट्टावर ७० किलोपेक्षा जास्त भार लादू नये, असे म्हटले आहे. घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. दोन्ही बाजूंना एकेक बांधला की ६० किलो झाले, त्यावर खोगिराचे आणि दोरांचे वजन, म्हणजे मर्यादा जवळपास गाठलीच. त्यावर आणखी तांदळाचे पोते चढवायला कोणी निघाला, तर मालकिणीने नको म्हणावे, हे उघड आहे. चढ जितका तीव्र आणि घर जितके लांब, तितके हे ओझे त्या पाठीला जास्त वेळ वागवावे लागते. खोगिराखालची गादी पातळ असेल तर पाठ सोलवटते, आणि ती जखम भरण्याआधी पुन्हा तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळला जातो. मी ज्या घोड्यांच्या पाठी पाहिल्या, त्यांतल्या काहींवर पांढऱ्या केसांचे ठिपके होते. जुन्या जखमा भरून आल्यावर तिथे केस असे पांढरे उगवतात. घराचे दृश्य कितीही सुंदर असले, तरी आपल्या दर महिन्याच्या सामानापायी एखाद्या घोड्याच्या पाठीवर असा ठिपका उमटणार असेल, तर ते घर मला नको होते.

शेवटी आमचे पाय स्थिरावले ते पूर्वेच्या अंगाला, अलेक्झांडर पॉइंट आणि रामबाग यांच्याकडे जाणाऱ्या वाटेवर. डोंगराचा माथा मध्ये असल्याने पावसाळी वारा इथे बराच अडतो, आणि सकाळचे ऊन गारबेटच्या पठारावरून सरळ अंगणात येते. बाजारापासून वाट जवळजवळ सपाट आहे, मातीची आहे आणि पर्यटकांच्या घोड्यांच्या मुख्य रस्त्यापासून एक वळण आत आहे, त्यामुळे धूळ कमी. चालत बाजारात जाणे आम्हा दोघांना आज सहज जमते. पुढे जमेनासे झाले तर ई-रिक्षा जिथवर येते तिथून घर फार लांब नाही. माणसाने माणसाला ओढायच्या हातरिक्षा बंद करण्याचा आदेश २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, याचे मला मनापासून समाधान आहे. दम लागून रस्त्याच्या कडेला टेकलेले रिक्षावाले मी वर्षानुवर्षे पाहिले आहेत, आणि मी स्वतः त्या रिक्षेत कधी बसू शकले नाही. घोड्यांच्या बाबतीतही ओझे, विसावा आणि रस्ता या तीन गोष्टींची अशीच काटेकोर तपासणी व्हावी, असे मला वाटते. घोडा गावातून हद्दपार व्हावा, असे मी म्हणणार नाही. शेकडो घरांची चूल त्याच्यावर पेटते आणि खाली खाटिकखान्याखेरीज त्याची वाट पाहणारे फारसे कोणी नाही.

घरमालकांशी बोलणी करताना आम्ही भाड्याआधी तीन गोष्टी मागून घेतल्या. अंगणात फरशी घालायची नाही, फाटकाजवळ जांभळाच्या सावलीत घोडा बांधण्यासाठी एक आडवा खांब रोवायचा आणि शेजारी पाण्याची दगडी डोण ठेवायची. पाण्यावरून ते थोडे घुटमळले, कारण घोडा दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी पितो आणि मे महिन्यात माथेरानात पाणी जपूनच वापरावे लागते. छपराचे पावसाचे पाणी साठवायला टाकी आम्ही आमच्या खर्चाने बसवू, असे सांगितल्यावर ते राजी झाले. सामान पावसाळा संपून वाट वाळल्यावर न्यायचे आहे. कपाट आणि पलंग शटलने व हातगाडीवर जातील, बाकीच्या बोचक्यांसाठी दोन घोडे ठरवले आहेत आणि प्रत्येक बोचके बांधण्याआधी काट्यावर तोलून घेण्याचे काम माझ्याकडे आहे.